‘लाजली’ एवढंच लिहा

ती पहिल्याच पानावर लाल झाली आणि तिथूनच माझं तिच्याशी बिनसलं.

ती म्हणजे एका इंग्रजी प्रेमकथेची नायिका. असली पुस्तकं तेव्हा फुटपाथवर ढिगाने मिळायची. घाटकोपरला पंतनगरात एक प्रकाशक होते, ते ती उचलून आणायचे आणि त्यांची मराठी रूपांतरं छापायचे. लंडनची मुंबई करायची, लॉर्डाचा कारखानदार करायचा, बाकी गोष्ट तीच. पातळ कागद, चकचकीत कव्हर, महिन्याला एक पुस्तक. स्टेशनजवळच्या स्टॉलवर आणि गल्लोगल्लीच्या वाचनालयांत ती धडाधड खपायची. मी नुकतीच इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. नोकरी लागत नव्हती म्हणून सकाळी एका खाजगी क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचे. क्लासच्या मालकांची या प्रकाशकांशी ओळख होती, त्यांनी माझं नाव सुचवलं. ही चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट.

आम्ही मानखुर्दला राहायचो. वडील एका कारखान्यात फिटर होते, आई घर सांभाळायची. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, बौद्ध. आमचं आडनाव ऐकलं की समोरच्याला ते लगेच कळतं, आणि त्याला कळलंय हे मलाही लगेच कळतं. डोळे क्षणभर बाजूला जातात, मग माणूस गरजेपेक्षा जास्त गोड बोलायला लागतो. प्रकाशक पहिल्या भेटीपासून फार गोड बोलले. पन्नाशीचे, गोरेपान, पांढरा लेंगा-झब्बा, खिशाला लाल पेन. मला तो माणूस तेव्हा आवडला नाही आणि आजही आवडत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा करणार नाही.

त्यांचं ऑफिस म्हणजे त्यांच्या तळमजल्यावरच्या घराची बाहेरची खोली. एका बाजूला टेबल, दुसऱ्या बाजूला दिवाण. दिवाणावर त्यांच्या पत्नी मांडीवर उशी घेऊन प्रुफं तपासत बसायच्या. त्या कुणाशी फारसं बोलायच्या नाहीत. मला त्यांनी पहिल्या दिवशी चहा दिला आणि पुन्हा प्रुफात डोकं घातलं.

पुस्तक घरी आणलं आणि कामाला लागले. नायिका एका ऑफिसात सेक्रेटरी होती आणि तिच्या साहेबाच्या प्रेमात पडणार होती. पण त्याआधी ती लाल होत होती. पानोपानी. इंग्रजीत त्याला शब्दही किती. ब्लश झाली, फ्लश झाली, गुलाबी झाली, किरमिजी झाली, केसांच्या मुळांपर्यंत लालबुंद झाली. आत काय चाललंय त्याचे शब्द आणखी वेगळे. एम्बॅरस्ड झाली, अबॅश्ड झाली, मॉर्टिफाइड झाली, सेल्फ-कॉन्शस झाली. डिक्शनरी उघडली की या सगळ्यांपुढे फिरून फिरून तेच लिहिलेलं असायचं. लाजणे, लज्जित होणे, शरमणे.

मी कॉटवर फळी आडवी टाकून लिहीत बसायचे आणि माझं डोकं फिरायचं, कारण ती बाई दर वेळी लाजत नव्हती. साहेबाने सगळ्या स्टाफसमोर तिची चूक काढली, तिथे ती खजील झाली होती. दाराआड उभी राहून ऐकताना सापडली, तिथे ओशाळली होती. ठणकावून सांगितलेली गोष्ट खोटी ठरली, तिथे वरमली होती. पार्टीला साधा फ्रॉक घालून गेली, तिथे कानकोंडी झाली होती. आणि साहेबाने लिफ्टमध्ये न विचारता तिचा हात धरला, तिथे तर ती सरळसरळ संतापली होती. इंग्रजीत तिथे शब्द फ्लश होता. रागाने, तापाने, धावून आल्यावरसुद्धा माणूस फ्लश होतो. लेखिकेला तिथे काय म्हणायचं होतं देव जाणे. मला राग दिसला, मी राग लिहिला.

दुसरी अडचण रंगाची. आमच्या घरात कुणी लाल होत नाही. आईला कुणी टाकून बोललं की तिचा चेहरा काळवंडतो आणि ओठ घट्ट मिटतात. माझे कान तापतात, मान आखडते, घसा कोरडा पडतो. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, त्यामुळे त्याला वाटतं हिला काही वाटलंच नाही. लहानपणापासून लोकांनी आमच्याबद्दल हेच धरून चाललेलं मी पाहिलं होतं. म्हणून मी ठरवलं की माझी नायिका मी गोरी करणार नाही. नाहीतरी तिचं लंडन काढून टाकायचंच होतं. मी तिला चेंबूरला आणलं, अंधेरीच्या एका कंपनीत कामाला लावलं आणि सावळी केलं. ती कुठेही लाल झाली नाही. तिचे कान तापले, तिची मान आखडली, तिला नजर कुठे ठेवावी कळेना.

आई स्वयंपाक करता करता विचारायची की आज त्या पोरीचं काय झालं. मी सांगायचे. साहेबाने हात धरला हे ऐकल्यावर आईने विळी बाजूला सारली आणि म्हणाली, नोकरी सोडून जायला सांग तिला. मी म्हटलं, ती शेवटी त्याच्याशीच लग्न करणार आहे. त्यानंतर आईने त्या पोरीची चौकशी करायचं सोडून दिलं.

काम पुरं करून मी घाटकोपरला घेऊन गेले. प्रकाशकांनी लाल पेन काढून माझ्यासमोरच वाचायला सुरुवात केली. थोड्याच वेळात त्यांचं पेन थांबलं.

“हे काय? ‘तिचे कान तापले.’ ताप आलाय का तिला?”

मी समजावून सांगायला लागले. त्यांनी हसून हात वर केला.

“अहो, ‘लाजली’ एवढंच लिहा.”

मी म्हटलं, इथे ती लाजलेली नाही, चिडलेली आहे, त्याने न विचारता तिचा हात धरलाय. त्यावर त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं मला सांगितलं की प्रेमकथेत नायकाने हात धरला की मुलगी लाजते, चिडली तर पुस्तक तिथेच संपलं. मग ते एकेका पानावर गोल करत गेले. खजील खोडलं, लाजली लिहिलं. ओशाळली खोडलं, लाजली लिहिलं. कानकोंडी हा शब्द तर त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला, जणू मी पानात शिवी लिहिली होती. दिवाणावरून त्यांच्या पत्नींनी वर पाहिलं नाही.

“आणि ही सावळी कशाला केलीत?” ते म्हणाले. “सावळी मुलगी लाजली तर दिसणार कसं?”

“तिला कळतंय ना,” मी म्हटलं. “दिसायला कशाला पाहिजे?”

“वाचकाला दिसायला पाहिजे. नायकाला दिसायला पाहिजे.” सावळी खोडून त्यांनी गोरीपान लिहिलं आणि पुढच्या पानावर तिच्या गालांवर गुलाब फुलवले.

मी गप्प बसले, कारण मला ते पुस्तक छापून यायला हवं होतं. निघताना त्यांनी नाव कसं छापायचं ते विचारलं. मी वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. त्यांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि फार गोड हसून दुसरं पुस्तक माझ्या हातात दिलं.

माझं नाव छापून येणार हे घरी सांगितलं तेव्हा वडील नुसते मान हलवून गेले, पण आईने ते नळावर नेलं. आमच्या ओळीत सगळ्यांना मिळून एक नळ होता आणि तिथे आईचं एका शेजारणीशी जुनं वैर होतं. हंडे पुढे सरकवण्यावरून सुरू झालेलं ते वैर कुठल्या कुठे पोचलं होतं. शेजारीण म्हणाली, छापून आल्यावर बघू. आईने तेवढं धरून ठेवलं.

पुस्तक बाहेर आल्याचं मला कळायच्या आधी आईला कळलं. पुस्तकाचं नाव तिला पाठ होतं आणि रोज बाजारात जाता-येता ती स्टेशनजवळच्या स्टॉलवर नजर टाकायची. कव्हर दिसलं तशी तिने प्रत विकत घेतली. आईला सावकाश वाचता यायचं, पण तिने आत उघडून पाहिलं नाही. पोरीचं पुस्तक आहे, त्यात बघायचं काय. ती तडक नळावर गेली आणि शेजारणीच्या हातात ठेवलं. शेजारणीने पहिलं पान उघडून मोठ्याने वाचलं. रूपांतरकार म्हणून एक नाव होतं. ते माझं नव्हतं. नाजूकसं पहिलं नाव आणि त्यापुढे सदाशिव पेठेत शोभेल असं आडनाव.

“हे तर भलत्याच बाईचं हाय,” शेजारीण म्हणाली. मग नळावरच्या बायांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “खोटं बोलायला पन मानसं वय बघत नायत.”

हे मला दुसऱ्या एकीने सांगितलं. मी क्लासवरून घरी आले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती आणि पुस्तक तिच्यापुढे जमिनीवर पडलं होतं. तिचा चेहरा पाहिला आणि मी आधी पुस्तक उघडलं. छापखान्याची चूक असेल असं म्हणून पाहिलं, पण म्हणतानाच मला ते खोटं वाटत होतं. आईने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “उद्या मी बी येती.”

मी तिला नको म्हटलं. तिने ट्रंकेतून लग्नाकार्याचं लुगडं काढलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने घाटकोपरला गेलो. प्रकाशकांनी मला या या म्हटलं आणि आईला पाहून त्यांची नजर बाजूला गेली. खोलीत एकच रिकामी खुर्ची होती. मी आईला तिच्यावर बसवलं आणि पुस्तक टेबलावर ठेवून विचारलं की हे नाव कुणाचं.

त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं. टोपणनाव समजा, असं ते म्हणाले. मी म्हटलं, टोपणनाव घ्यायचंच असतं तर ते मी निवडलं असतं. ते म्हणाले, वेळ कमी होता. मग त्यांनी आवाज आणखी मऊ केला.

“हे पाहा, कामात मी जात बघत नाही. बघत असतो तर तुम्हाला काम दिलं असतं का? पण वाचक बघतात हो. वाचनालयवाले बघतात. प्रेमकथेवर तुमचं आडनाव… तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला समजतंय मला काय म्हणायचंय.”

मला समजत होतं. माझे कान इतके तापले होते की त्यांचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटत होतं. मी काही बोलायच्या आत आईने विचारलं, “पोरीचं नाव तुमी का काढलं?”

तिने आवाज चढवला नव्हता. दुकानात भाव विचारावा तसं विचारलं होतं. प्रकाशकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडे झुकले आणि तिला कळू नये म्हणून हळूच इंग्रजीत म्हणाले, “प्लीज, धिस इज व्हेरी एम्बॅरसिंग.”

“काय म्हनत्यात?” आईने मला विचारलं.

मी भाषांतर करायला गेले आणि थांबले. एम्बॅरसिंग. त्या शब्दात कुणाला काय वाटतंय ते येतच नव्हतं. समोर काहीतरी ओशाळवाणं पडलंय एवढंच तो सांगत होता, आणि त्या खोलीत ते पडलेलं काहीतरी म्हणजे लुगडं नेसून खुर्चीवर बसलेली माझी आई होती. पण आईला सांगताना मला असं निसटता येत नव्हतं. वाटतंय म्हटलं की कुणाला वाटतंय ते सांगावं लागतं. त्यांनी पानोपानी माझे शब्द खोडून एकच शब्द लिहिला होता. मी तोच घेतला.

“म्हणतात, त्यांना लाज वाटते.”

“नाही, नाही,” प्रकाशक एकदम म्हणाले, आणि पहिल्यांदा थेट आईशी बोलले, “मी तसं म्हटलं नाही. या चुकीचं सांगताहेत.”

“मग बरोबर काय ते तुम्ही सांगा,” मी म्हटलं. “मराठीत सांगा तिला.”

त्यांनी तोंड उघडलं. म्हणजे जरा अवघड, ऑकवर्ड, असं काहीतरी पुटपुटले आणि थांबले. त्यांची मान लाल झाली, मग गाल, मग कपाळ, मग विरळ केसांखालचं टाळकंसुद्धा. इंग्रजी पुस्तकात शेकडो वेळा वाचलेली ती गोष्ट मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहत होते. केसांच्या मुळांपर्यंत. डिक्शनरीत बघायची मला गरज नव्हती. त्यांना लाज वाटत नव्हती. ते संतापले होते.

“वाटायलाच पायजे,” आई म्हणाली.

त्यानंतर त्यांचा मऊ आवाज गेला तो गेलाच. उपकाराची जाण नाही, काम देणाऱ्याच्या घरी येऊन तमाशा करता, या लोकांना जवळ केलं की हे असं होतं, असं सगळं ते बोलले. या लोकांना हे त्यांनी दोनदा म्हटलं. दिवाणावरून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, हळू बोला, वरच्या मजल्यावर ऐकू जातं. तेवढंच त्या बोलल्या. प्रकाशकांनी दुसऱ्या पुस्तकाचं झालेलं काम ठेवून जायला सांगितलं. पिशवीत निम्मं रूपांतर होतं. मी त्यांचं इंग्रजी पुस्तक काढून टेबलावर ठेवलं, माझे कागद पिशवीतच राहू दिले आणि आईला उठवलं.

आम्ही बसस्टॉपवर आलो. आईने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, “त्या पोरीला तू सावळी केलीवतीस न्हवं?”

“हो.”

“आन त्यानं गोरी केली.”

“हो.”

“मंग ऱ्हाऊ दे त्याच्याकडंच,” ती म्हणाली आणि बस येते का ते बघायला रस्त्याकडे वळली.

आठवड्याच्या आत क्लासच्या मालकांनी माझे तास दुसऱ्या एका बाईंना दिले. मी कारण विचारलं तेव्हा ते टेबलावरचा डस्टर सरळ करत म्हणाले की जरा ऑकवर्ड सिच्युएशन झाली आहे, तुम्ही समजून घ्या. त्यांनाही त्यासाठी मराठी शब्द सापडला नाही. मी त्यांच्याकडून तो काढून घेत बसले नाही, कारण त्या दिवशी माझ्यात तेवढं त्राण नव्हतं. याची मला अजून चुटपुट लागते.

नळावरचं वैर मिटलं नाही. घाटकोपरला काय झालं ते आईने कुणाला सांगितलं नाही, आणि शेजारीण पुढे कित्येक महिने आई हंडा घेऊन आली की लेखिकेची आई आली म्हणायची. वडील म्हणायचे दुर्लक्ष कर. आईने दुर्लक्ष केलं नाही. एकदा तिने भरलेला हंडा शेजारणीच्या पायावर ओतला आणि दोन घरांतलं बोलणं कायमचं संपलं. मी आईची समजूत घातली नाही. तिने केलं ते बरोबर केलं असं मला तेव्हाही वाटलं.

त्या नाजूक नावाच्या बाईची पुस्तकं मात्र निघत राहिली. माझ्यानंतर कुणाकुणाच्या हातून ती लिहून घेतली जात होती, मला माहीत नाही. स्टॉलवर तिची रांग लागलेली असायची आणि कव्हरवरच्या मुली सगळ्या गुलाबी गालांच्या. वाचनालयात बाया तिचंच पुस्तक मागायच्या. मी एकदोनदा उभ्या उभ्या चाळून पाहिली. सगळ्या जणी लाजत होत्या.

पुढे मला एका शाळेत नोकरी लागली. दशक संपत आलं होतं तेव्हा एकदा घाटकोपरच्या बाजारात मला प्रकाशकांच्या पत्नी भेटल्या. मी ओळख दाखवली नसती, पण त्या माझ्याच भाजीवाल्यासमोर थांबल्या आणि माझ्याशी बोलायला लागल्या. आईची चौकशी केली. मग म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही आईंना आणायला नको होतं, यांना फार लागलं ते. मी मेथीची एक जुडी उचलून बघितली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, “खरं सांगू का, तुम्ही लिहिलं होतं ते मी सगळं वाचलं होतं. ती सावळी मुलगी मला आवडली होती. तिचे कान तापायचे ते अगदी खरं वाटलं मला.”

मला बरं वाटेल अशी त्यांची अपेक्षा होती. चेहऱ्यावर तसं दिसत होतं. चार वर्षं जपून ठेवलेलं काहीतरी त्या मला देत होत्या आणि मी ते हात पुढे करून घ्यावं, असं त्यांना वाटत होतं. मी त्यांना विचारलं की तुम्ही त्या खोलीतच बसला होतात, तेव्हा हे का बोलला नाहीत.

त्या म्हणाल्या, “मला फार एम्बॅरस झालं होतं हो.”

मी भाजीवाल्याला मेथीची जुडी पिशवीत टाकायला सांगितली आणि त्यांच्याकडे पाठ करून निघाले.